हुंडीपासून बिटकॉइनपर्यंत : शब्दामागचा देणेकरी कोण?



आमच्या नाहूरच्या भिशीत गेल्या काही वर्षांपासून एक प्रश्न सारखा येतो, "ही क्रिप्टो म्हणजे नक्की काय हो?" कुणाचा भाचा घ्या म्हणतो, कुणाचे मिस्टर नाव काढलं तरी चिडतात, आणि पेपरात तर रोज एखादी फसवणुकीची बातमी असतेच. कुणी समजावून सांगायला लागलं की ब्लॉकचेन, वॉलेट, टोकन, मायनिंग असे शब्द येतात आणि पाच मिनिटांत विषय बदलतो. मग दोन गट पडतात. एक म्हणतो, "सगळं थोतांड आहे." दुसरा म्हणतो, "आपल्याला कुठे काय कळतं, मुलं बघतील."

मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. पहिलं म्हणणं घाईचं आहे आणि दुसरं धोक्याचं. पैशाच्या जगात न कळणारे शब्द काही आज पहिल्यांदा आलेले नाहीत. आपल्या समाजाने आणि आपल्या मुंबईने असे शब्द पूर्वीही पाहिले आहेत. काही शब्दांनी घरं उभी केली, काहींनी बुडवली. म्हणून आज थोडा इतिहास सांगते.

हुंडीचे शब्दही सोपे नव्हते

वाणिज्य शाखेत शिकताना आम्हाला हुंडीवर एक धडा होता. परीक्षेपुरता पाठ करायचा आणि सोडून द्यायचा असा. आज तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी, की अमुक इतके रुपये द्या. त्यामुळे रोकड घेऊन वाटेत चोराची भीती बाळगत जायला नको. तिचे शब्द बघा : दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, शाहजोग, धनीजोग, जोखमी, पैठ, परपैठ. ऐकायला क्रिप्टोइतकेच अवघड! पण प्रत्येक शब्द एका साध्या प्रश्नाचं उत्तर देतो. पैसे कधी मिळणार? दर्शनी असेल तर दाखवताच, मुदती असेल तर ठरलेल्या दिवसांनी. कुणाला मिळणार? शाहजोग असेल तर बाजारात पत असलेल्या सावकारामार्फतच. माल वाटेत बुडाला तर? जोखमी हुंडीत त्याची सोय असे. हुंडी हरवली तर? तिची दुसरी प्रत म्हणजे पैठ, तीही हरवली तर परपैठ.

रकमेत कुणी खाडाखोड करू नये म्हणून शंभर रुपयांच्या हुंडीत नुसतं शंभर लिहीत नसत. निम्मे पन्नास, त्याची दुप्पट शंभर, असं लिहीत. एक आकडा बदलला तर दुसरा चोरी उघडी पाडणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बेचान. हुंडी एकाकडून दुसऱ्याकडे देताना देणारा तिच्या पाठीवर सही करी. हुंडी वटली नाही तर त्या सहीला धरून त्यालाही विचारता येई. म्हणजे "ही हुंडी चांगली आहे, घ्या" असं म्हणणारा माणूस स्वतः त्यात अडकलेला असे. नरसी मेहतांच्या हुंडीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्या गोष्टीतली सगळी धाकधूक एकाच प्रश्नाची आहे : द्वारकेत ही हुंडी सकारणार कोण?

१८६५ : 'शेअर' हा शब्द नवा होता तेव्हा

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची नजर मुंबईकडे वळली. आपल्या कापसाचा भाव असा चढला की लोकांनी घरच्या गाद्या उसवून आतला कापूस विकला असं सांगतात. युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या भावापेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जास्त मुंबईत आले, असा तेव्हाचा अंदाज आहे.

एवढा पैसा आला, तो ठेवायचा कुठे? मग कंपन्या निघाल्या. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका आणि १६ 'फायनान्शियल असोसिएशन' होत्या. दहा वर्षांपूर्वी यांतल्या बहुतेकांचं नावही नव्हतं. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या तर सर्वांत लाडक्या. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतचा किनारा भरून काढणार म्हणून बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. तिचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती!

या सगळ्याच्या मध्यभागी होते आपल्याच समाजातले प्रेमचंद रायचंद. १८३१ मध्ये सुरतेला जन्मलेले जैन गृहस्थ, इंग्रजी लिहिता-वाचता येणारे सुरुवातीचे भारतीय दलाल. त्यांनी एखाद्या कंपनीला हात लावला की तिचा भाव चढे.

आता त्या काळचे नवे शब्द बघा : शेअर, प्रीमियम, अलॉटमेंट, कॉल, टाइम बार्गेन. सगळे इंग्रजी. घेणाऱ्यांपैकी कितीजणांना त्यांचा अर्थ नीट ठाऊक असेल? 'अलॉटमेंट' म्हणजे शेअर मिळाल्याची चिठ्ठी. शेअरचे पूर्ण पैसे भरायच्या आधीच ती चिठ्ठी चढ्या भावाने विकली जाई. 'कॉल' म्हणजे उरलेल्या हप्त्याची मागणी. कंपनी बुडाली तरी उरलेल्या हप्त्याची जबाबदारी शेअर धरणाऱ्याच्या डोक्यावर राहते, हे कॉल आल्यावर कळून काय उपयोग? आणि 'टाइम बार्गेन' म्हणजे वायद्याचा सौदा : अमुक तारखेला अमुक भावाने मी शेअर घेईन. त्या दिवशी विकणाऱ्याकडे शेअर नसे आणि घेणाऱ्याकडे पैसे नसत. दोघांकडे असे फक्त शब्द.

अशा शेकडो सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. त्याआधीच एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. जुलैची पहिली तारीख उजाडली तेव्हा देणारे पुष्कळ होते, पण देऊ शकणारं जवळजवळ कुणीच नव्हतं. बॅकबेचा शेअर पुढे दोन हजारांच्याही खाली आला. शेअर तारण ठेवून सढळ हाताने कर्जं देणाऱ्या बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांना विकला जाऊ लागला. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली आणि तिच्या जागी नवी बँक उभी राहिली. त्याच नव्या बँकेचा वंश पुढे इम्पीरियल बँकेतून १९५५ मध्ये स्टेट बँकेत आला. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरचं पेन्शन आज तिथे जमा होतं.

प्रेमचंदांचंही होत्याचं नव्हतं झालं. त्यांनी विद्यापीठाला दिलेलं दान मात्र उभं राहिलं. आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. राजाबाई धर्मनिष्ठ होत्या, सूर्यास्तापूर्वी जेवायचा त्यांचा नेम होता, आणि घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून हा टॉवर, अशी कथा आपल्याकडे सांगतात.

यातून "शेअर म्हणजे पाप" असा धडा घ्यायचा का? नाही. त्याच दलालांनी १८७५ मध्ये रीतसर संघटना केली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. 'शेअर' हा शब्द टिकला, कारण त्याच्यामागे कारखाना, हिशेब आणि कायदा आला. ज्यांच्यामागे काहीच नव्हतं ते बुडले. शब्द दोन्हीकडे तेच होते.

आमच्या डोळ्यांदेखतचे दोन शब्द

१९९२ चा हर्षद मेहता घोटाळा आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. तेव्हा रोज पेपरात 'बँक रिसीट' आणि 'रेडी फॉरवर्ड' हे शब्द येत. बँक रिसीट म्हणजे 'तुमचे रोखे आमच्याकडे आहेत' असं सांगणारी बँकेची पावती. काही बँकांनी रोखे नसतानाच पावत्या दिल्या, आणि त्या पावत्यांवर पैसा बाजारात फिरला. पावती होती, कपाट रिकामं होतं.

त्यानंतर चारच वर्षांनी 'डीमॅट' आला. १९९६ मध्ये कायदा झाला आणि शेअरची छापील प्रमाणपत्रं जाऊन संगणकातली नोंद आली. तेव्हाही घरोघरी संशय होता : हातात कागद नाही, मग माझं काय आहे? संशय रास्तच होता. पण इथे डिपॉझिटरी होती, तिच्यावर सेबीचं लक्ष होतं, दर महिन्याला-तिमाहीला स्टेटमेंट येत होतं. डीमॅट चाललं. खोटी सही, टपालात हरवलेलं प्रमाणपत्र, ही जुनी दुखणी गेली.

म्हणजे कागद हातात असला तरी फसवणूक होऊ शकते आणि नसला तरी व्यवहार खरा असू शकतो. डोळ्यांना दिसतं का, ही कसोटी पुरेशी नाही. विचारल्यावर उत्तर देणारं कुणी आहे का, ही कसोटी खरी.

आता क्रिप्टोचे शब्द, आपल्या वहीच्या भाषेत

३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक लेख इंटरनेटवर आला. नावामागची व्यक्ती कोण हे आजही उघड झालेलं नाही. ३ जानेवारी २००९ ला त्या लेखातली बिटकॉइनची व्यवस्था सुरू झाली.

ब्लॉकचेन : ही एक खातेवही आहे. तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर आहेत. आपण कीर्दीत 'मागील पानावरून' रक्कम पुढे आणतो ना, तसा तिच्या प्रत्येक पानावर मागच्या पानाचा एक ठसा असतो. मागे कुठे खाडाखोड केली तर पुढचे सगळे ठसे जुळेनासे होतात. हुंडीतल्या 'निम्मे पन्नास, दुप्पट शंभर'ची ही फार मोठी बहीण समजा.

मायनिंग : खाण वगैरे काही नाही. नवं पान जोडण्यासाठी संगणकांची शर्यत लागते, जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून नवे बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला एका पानाला ५० मिळत, आणि साधारण दर चार वर्षांनी हे बक्षीस निम्मं होतं. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत असा नियमच आहे.

वॉलेट : पाकीट म्हणतात, पण त्यात नाणं नसतं. नाणं म्हणजे वहीतली नोंद. वॉलेटमध्ये असते ती नोंद हलवायची गुप्त किल्ली. किल्ली गेली की संपलं, 'पैठ' मिळत नाही. आणि किल्ली दुसऱ्याकडे असेल तर सुरक्षितता त्याच्या हातात. मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ ला सुमारे दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली, आणि ग्राहकांना आपले पैसे काढता येईनात.

स्टेबलकॉइन : स्थिर भावाचं नाणं. नाव स्थिर, पण टेरा नावाचं असं नाणं मे २०२२ मध्ये एका आठवड्यात कोसळलं. त्याच्या मागे तिजोरीत डॉलर नव्हते. त्याच मंडळींनी काढलेल्या दुसऱ्या नाण्याच्या भरवशावर त्याचा भाव टिकवलेला होता.

एक गोंधळ मात्र आजच मनातून काढून टाका. फोनमधला प्रत्येक पैसा क्रिप्टो नाही. यूपीआय म्हणजे आपल्याच बँक खात्यातले रुपये पाठवायचा रस्ता. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत चाचणीसाठी सुरू केलेला डिजिटल रुपया हा रुपयाच आहे, त्याची देणेकरी रिझर्व्ह बँक. बिटकॉइनला असा कुणीही देणेकरी नाही.

पुण्याची गोष्ट

गेनबिटकॉइन ही आपल्या राज्यातली या विषयातली सर्वांत गाजलेली केस. अमित भारद्वाज या माणसाने साधारण २०१५ पासून ही योजना चालवली. तुमचे बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही 'क्लाउड मायनिंग' करतो, दरमहा १० टक्के असे १८ महिने परत देतो. म्हणजे एकाचे जवळजवळ दोन! आणखी माणसं आणलीत तर वर कमिशन.

आता घरखर्चाच्या वहीवरची बेरीज करून बघा. मायनिंगचं बक्षीस ठरल्याप्रमाणे निम्मं होत जातं, जुलै २०१६ मध्ये ते २५ वरून साडेबारावर आलं. ज्या धंद्याचं उत्पन्न ठरवून घटत जातं, त्याच्या जोरावर दरमहा न घटणारे १० टक्के कुठून देणार? नव्या माणसाच्या पैशातून जुन्याला. पुढे तेही जमेना तेव्हा लोकांना बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं स्वतःचंच टोकन देण्यात आलं, ज्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. आपल्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' आहे, पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलो. खऱ्या मालाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा हलका माल देणे. एमकॅपसाठी मला याहून नेमका शब्द सापडत नाही.

पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. मार्च २०२२ मध्ये तर आणखी विचित्र झालं. तपासात पोलिसांना तांत्रिक मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच, जप्तीतले काही बिटकॉइन स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या तक्रारी सीबीआयकडे सोपवल्या. शब्द न कळण्याची किंमत फक्त आपल्यासारख्या बायकाच मोजतात असं नाही. किल्ली कुणाच्या हाती आहे हे ज्याला कळत नाही, त्या प्रत्येकाला ती मोजावी लागू शकते.

या योजनेत लोक आले ते जाहिरात वाचून नव्हे, तर साखळीतून, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर. आपल्या समाजात हे फार लागू पडतं. लग्नात, संघयात्रेत, मंदिराबाहेर चपला घालताना कुणीतरी म्हणतं, "मी टाकलेत, तुम्ही पण टाका." हुंडीच्या काळीही व्यवहार ओळखीवर चालत, पण तिथे शिफारस करणारा पाठीवर सही करत होता. इथे शिफारस करणाऱ्याला कमिशन मिळतं आणि सही कुठेच नसते. आपण जुन्या बाजाराचा विश्वास ठेवतो, पण त्याची जबाबदारी मागायला विसरतो.

आणि यासाठी क्रिप्टोच लागते असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या दुकानासमोर लोकांनी टाहो फोडला. तिथे शब्द होता 'मॉइसनाइट', हिऱ्यासारखा दिसणारा खडा, आणि वचन होतं दर आठवड्याच्या परताव्याचं. पुन्हा प्रतिरूपक!

मग बिटकॉइन स्वतः खोटं आहे का?

प्रामाणिकपणे सांगायचं तर, ती वही २००९ पासून चालू आहे. गेनबिटकॉइन ही माणसाने केलेली फसवणूक होती, वहीची नव्हे. पण वही खरी आहे म्हणून तिच्यातल्या नोंदीला किंमत राहीलच असं नाही. सोन्यालाही देणेकरी नसतो हे खरं, पण सोनं हजारो वर्षं अंगावर आणि अडीअडचणीला चाललेलं आहे, गल्लीतला सराफ ते घेतो. बिटकॉइनची किंमत म्हणजे फक्त पुढचा गिऱ्हाईक देईल ती. तो आला नाही तर दार ठोठवायला दारच नाही.

सरकारचं म्हणणंही थोडक्यात सांगते, कारण इथेही गोंधळ आहे. रिझर्व्ह बँक डिसेंबर २०१३ पासून सावध करते आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. काही एजंट म्हणतात, "कर लागतो म्हणजे सरकारमान्य." कर लागणं म्हणजे हमी नव्हे. लॉटरीच्या बक्षिसावरही कर लागतोच.

विचारायचं ते एवढंच

परिग्रह-परिमाण व्रतात आपण आपल्या गरजेला सीमा घालतो. तीच सीमा इथेही कामाला येते, कारण फसवणुकीची सगळी गाडी "आणखी"वर चालते. पण सीमा घालायची तर आपल्याकडे काय आहे हे आधी आपल्याला माहीत हवं. "तुला नाही कळायचं, इथे सही कर" असं कुणी म्हटलं, मग तो मुलगा असो, जावई असो की घरचा सीए, तर पेन खाली ठेवून तीन प्रश्न विचारा.

मला पैसे परत द्यायला कोण बांधील आहे, त्याचं नाव आणि पत्ता काय?

हा परतावा कुठल्या कमाईतून येणार, मला समजेल अशा मराठीत सांगा.

आणि जो घ्या म्हणतो आहे, तो बेचान करायला तयार आहे का? बुडाले तर मी भरून देईन, असं लिहून देईल का?

पहिल्याचं उत्तर "कुणीच नाही" असेल, तर घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण मग ती गुंतवणूक नसून पैज आहे हे समजून, संपूर्ण गेले तरी घर हलणार नाही एवढेच टाका. दुसऱ्याच्या उत्तरात तीनपेक्षा जास्त इंग्रजी शब्द आले, तर पुन्हा सांगा म्हणायला लाजू नका. ज्याला खरंच कळलेलं असतं, त्याला सोपं करून सांगता येतं. आणि तिसऱ्या प्रश्नाला समोरचा हसून विषय बदलू लागला, तर तेच तुमचं उत्तर समजा.

जय जिनेंद्र.